राणी, यशवंती आणि एक तक्ता

सातवीतल्या माझ्या भाच्याला शाळेने दिवाळीच्या सुट्टीत प्रकल्प दिला: 'कोणत्याही दोन प्राण्यांची तुलना करा. तक्ता आवश्यक.' साहेबांनी घरातल्या प्रत्येकाकडून एकेका प्राण्याची चिठ्ठी घेतली, त्या डब्यात घालून हलवल्या आणि डोळे मिटून दोन उचलल्या. पहिलीत निघालं राज्य फुलपाखरू. दुसरीत घोरपड. (दुसरी चिठ्ठी माझी होती, हे मी अजून त्याच्या आईला सांगितलेलं नाही.)

"पुन्हा उचल," आई म्हणाली. "वाघ-सिंह घे, गाय-म्हैस घे."

"चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी," तो म्हणाला. मग नुसता तक्ता कशाला भरायचा, दोघांना भेटूनच येऊ, असं मी म्हटलं. सुट्टी होती, सावंतवाडीजवळच्या एका वाडीत मैत्रिणीचं माहेर होतं, आणि मला काहीतरी निमित्त हवंच होतं.

पहिला दिवस : सिंहगड

घोरपडीची सुरुवात सिंहगडावरून करायची, हा त्याचा हट्ट. पुण्यातल्या पोराला घोरपड म्हणजे यशवंती, आणि यशवंती म्हणजे तानाजी. सकाळी आतकरवाडीहून चढायला लागलो. वाटेत ताक, लिंबू सरबत आणि 'अजून किती आहे?' हे तिन्ही ठरावीक अंतराने येत राहिले.

तानाजींच्या समाधीपाशी पाया पडून झाल्यावर तो थेट कड्याकडे गेला. डोणगिरीचा कडा. ४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमीची रात्र. इथून मावळे चढले. पोवाड्यातली यशवंती पहिल्यांदा अर्ध्यातून माघारी फिरते, तो अपशकुन मानला जातो, आणि तानाजी तिला धमकावतात की पुन्हा परत आलीस तर कापून भाकरीबरोबर खाईन. मग ती वर जाऊन घट्ट रुतते. आम्ही ही गोष्ट इतक्यांदा ऐकलेली असते की तिच्याकडे कधी हिशोबाने बघितलेलं नसतं. भाच्याने बघितलं.

"मावशी, घोरपडीचं वजन किती असतं?"

"खूप मोठी असली तर सहा-सात किलो."

"आणि मावळ्याचं?"

मी कड्याखाली बघत राहिले. सात किलोच्या जनावराने साठ किलोचा माणूस तोलून धरायचा, तोही दोरावर झोके खाणारा. मला ते पटत नाही, आणि पटत नाही असं सिंहगडावर उभं राहून मोठ्याने म्हणायची माझी हिंमतही नाही. कुणी म्हणतं, यशवंती हे दोराला लावलेल्या आकड्याचं नाव होतं. कुणी म्हणतं, चढणारा पहिला गडी घोरपडे होता. घोरपडे हे आडनावही असंच एका गडावरून आल्याचं सांगतात: पंधराव्या शतकात बहमनी राज्यासाठी खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेताना भोसल्यांच्या एका पुरुषाने घोरपडीच्या साहाय्याने कडा सर केला आणि मुधोळच्या घराण्याला ते नाव मिळालं. म्हणजे दोन गड, दोन घोरपडी आणि मधे दोनशे वर्षं. मराठी मुलुखात हिच्याएवढा लष्करी इतिहास असलेला दुसरा सरपटणारा प्राणी नसावा.

पिठलं-भाकरी खाताना त्याने तक्त्याची पहिली ओळ भरली. 'ऐतिहासिक कामगिरी — घोरपड : कोंढाणा (शंका आहे). फुलपाखरू : काही नाही.'

दुसरा दिवस : पुणे ते आंबोली

दिवसभर एसटी. निपाणीनंतर ऊस, आजऱ्यानंतर काजू, आणि आंबोलीला पोचेपर्यंत दोघांच्याही पाठीचा भुगा. खोलीबाहेरच्या दिव्यावर तळहाताएवढा पतंग बसला होता, तो फुलपाखरू आहे की नाही यावर वाद झाला. मिशांकडे बघ, मी म्हटलं. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, काडेपेटीतल्या काडीसारखी. याच्या पिसासारख्या होत्या. बाकी नोंद करण्यासारखं काही नाही. जेवण गार होतं.

तिसरा दिवस : आंबोली

सहाला उठून तयार. बाहेर धुकं असं की समोरची विहीर दिसेना. आमच्याबरोबर फुलपाखरं दाखवायला येणार होता तो गावातला तरुण निवांत चहा पीत बसला. "एवढ्या लवकर कशाला उठलात? पाखरू उन्हाशिवाय उठत नाय."

भाच्याला हा अपमान वाटला. पण मुद्दा अगदी खरा होता, आणि पुढचे तीन दिवस तोच आमच्या मागे लागला. फुलपाखराचं रक्त थंड, घोरपडीचंही थंड. दोघांनाही अंगातली ऊब बाहेरून, सूर्याकडून आणावी लागते. फुलपाखराच्या छातीत उडण्याचे स्नायू असतात. ते तापल्याशिवाय पंख हलतात पण उडणं होत नाही. म्हणून ते सकाळी पानावर पंख सपाट पसरून बसतं. सोलापुरी चादर गच्चीवर वाळत घालावी तसं.

साडेनऊला धुकं फाटलं. हिरण्यकेशीच्या वाटेवर, रस्त्याच्या कडेच्या झुडपावर तो बसलेला होता. 'तो' म्हणते, कारण नर होता. काळा मखमली, मागच्या पंखांवर निळा रंग, आणि त्या निळ्यावर काळे ठिपके. निळ्याला कुठल्या निळ्याची उपमा द्यावी हे मला सुचलं नाही. सुचलेल्या सगळ्या उपमा साडीच्या दुकानातल्या होत्या. पंखविस्तार १२ ते १५ सेंटिमीटर, म्हणजे भाच्याने शेजारी धरलेल्या हाताच्या वितीएवढा. पंख मिटले तेव्हा बुडाशी लाल ठिपके दिसले.

"हाच राज्य फुलपाखरू?"

हाच. जून २०१५ मध्ये महाराष्ट्राने याला राज्य फुलपाखरू केलं. असं फुलपाखरू ठरवणारं हे देशातलं पहिलं राज्य. शेकरू, हरियाल, आंबा आणि ताम्हण यांच्या पंगतीत हा पाचवा. इंग्रजीत ब्लू मॉर्मॉन. मॉर्मॉन हे नाव याच्या एका भावकीतल्या फुलपाखरामुळे आलं: त्याच्या माद्या दोन-तीन वेगवेगळ्या रूपांत दिसतात, म्हणून एकाच घरात अनेक बायका, अशी तेव्हाच्या गोऱ्या निरीक्षकांनी केलेली थट्टा. शास्त्रीय नावातला पॉलिम्नेस्टर हा ग्रीक पुराणातला थ्रेसचा राजा. पाहुणा म्हणून सोपवलेल्या राजपुत्राला त्याने सोन्यासाठी मारलं. आपल्या राज्य फुलपाखराच्या नावात असा माणूस बसलाय, हे बहुधा कुणी फारसं मनावर घेतलेलं नाही.

मराठी नावाची कथा वेगळीच. घोषणा झाली तेव्हा ही 'राणी पाकोळी' होती. आता 'नीलवंत' म्हणतात. राणीचा एकदम नीलवंत झाला! तसा अन्यायही नाही, कारण झगझगीत निळा तो नरच. मादी जरा फिकी, राखट. भाच्याने यावरून तक्त्यात नवा रकाना काढला: 'व्याकरण'. घोरपड नर असली तरी ती घोरपड. राणी नर असला तरी ती राणी. आणि फुलपाखरू नर असो, मादी असो, ते फुलपाखरू, नपुंसकलिंगी. "मराठीच्या बाईंना विचारतो," तो म्हणाला. मराठीच्या बाईंची मला काळजी वाटली.

हिरण्यकेशीच्या उगमाशी गुहेतून पाणी येतं. २०२० मध्ये इथे माशाची एक नवी जात सापडली आणि तिला या नदीचंच नाव मिळालं. पुढच्या वर्षी ही जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. देवळाच्या कुंडात पाय न घालता वाकून मासे बघायचे, एवढंच. आमचं काम पलीकडच्या ओलसर वाटेवर होतं. तिथे चिखलात आठ-दहा फुलपाखरं जमली होती: पिवळी बारकी, निळसर पट्ट्यांची, आणि मधे दोन नीलवंत, पंख थरथरवत. याला चिखलपान म्हणतात. चिखलातून ती मीठ ओढतात, म्हणजे सोडियम, आणि ओढणारे बहुतेक सगळे नर असतात. हे मीठ पुढे मिलनात मादीला जातं आणि तिच्याकडून अंड्यांत. लग्नाआधी मिठाची पुडी बांधून घेणारे जावई, असं मी म्हटलं. भाचा हसला नाही. त्याचं लक्ष सोंडेकडे होतं.

"ही जीभ?"

जीभ म्हण हवं तर. गुंडाळून ठेवलेली नळी, हवी तेव्हा सरळ होते. पण चव मात्र पायांनी लागते. मादी अंडं घालायच्या आधी पानावर बसते आणि पुढच्या पायांनी पानावर टकटक करते. पानातल्या रसायनाची चव पायाला कळली की ठरतं, हे आपलं झाड की नाही. लिंबाच्या कुळातलं झाड हवं: रानात माकडलिंबू, किरमिरा, घराजवळ लिंबू नाहीतर पपनस. पपनसाला कोकणात तोरंजन म्हणतात. एका वेळी एकच अंडं, मोहरीपेक्षा थोडं मोठं, पानावर चिकटवलेलं.

दुपारी ढग आले आणि सगळा बाजार उठला. एक मिनिटापूर्वी पंधरा फुलपाखरं होती तिथे एकही नाही. संध्याकाळी खोलीत भाचा तक्ता काढून बसला आणि म्हणाला, "मावशी, 'उपयोग' असाही रकाना द्यायचाय. शाळेने दिलाय. मानवाला उपयोग."

मला हा रकाना आवडला नाही. कुणी आपला रकाना करून 'उपयोग' विचारला तर माझ्यापुढे काय भरलं जाईल, हे मला माहीत आहे. तरी त्याने फुलपाखरापुढे लिहिलं, 'परागीभवन, शोभा.' घोरपडीपुढे रेघ.

चौथा दिवस : घाट उतरून वाडी

घाटात धबधबे अजून थोडे शिल्लक होते. खाली पारपोलीला थोडं थांबलो, या गावाची ओळखच आता फुलपाखरांचं गाव अशी आहे. भातं पिकली होती, काही ठिकाणी कापणी सुरू. सावंतवाडीत मोती तलावाला एक फेरी, लाकडी आंबा-केळी-फणस विकत घेतले (वजनाने खऱ्यापेक्षा जड), आणि दुपारी वाडीत.

मैत्रिणीचे वडील आबा आणि आई काकी. घराला चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, पुढे खळं, म्हणजे अंगण, मागे नारळी आणि परसाला चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणाची भिंत. खळ्याच्या कोपऱ्यात तोरंजनाचं झाड, गणपतीवरच्या माटवीला (लाकडी मांडवीला) त्याचीच फळं. भाच्याने चहा अर्धा सोडून झाड गाठलं.

"ते किडे?" काकी म्हणाल्या. "दरवर्सा येतत. पानां खातत."

पहिली अळी दिसायला वीस मिनिटं लागली, कारण आम्ही तीनदा तिच्यावरून नजर फिरवली आणि तिन्ही वेळा ती पक्ष्याची विष्ठा समजलो. लहान अळीचं रूपच ते: तपकिरी, मधे पांढुरका डाग, ओलसर चकाकी. पक्षी विष्ठा खात नाहीत, तेव्हा विष्ठा होऊन बसणं हा सोपा उपाय. पण अंग वाढलं की एवढ्या मोठ्या विष्ठेवर विश्वास बसत नाही. मग शेवटच्या कातीला ती हिरवीगार होते, पुढचा भाग फुगतो आणि त्यावर डोळ्यांसारखे दोन ठिपके. खरं डोकं त्याच्या खाली, बारकं. अशी एक मोठी वरच्या फांदीवर सापडली.

भाच्याने काडीने तिला हलकेच शिवलं. आणि डोक्यामागून ओली, दुभागलेली शिंगं बाहेर आली. उग्र वास सुटला. सडलेलं लिंबू आणि त्यात काहीतरी आंबट चामडं. दोन सेकंदांत शिंगं पुन्हा आत.

तो मागे सरकला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "जीभ काढून दाखवली तिने. घोरपडीसारखी!"

जीभ नव्हती ती. मुंग्या, कोळी, गांधीलमाश्या यांना हाकलायला अळीजवळ असलेलं ते अत्तराचं उलटं हत्यार. पण पोरगा चुकला असं म्हणवेना. मोठे डोळे, फुगलेलं डोकं आणि त्यातून लवलवणारं दुभागलेलं काहीतरी: सरड्या-सापाला घाबरणाऱ्या पक्ष्याला त्यात काय दिसत असेल? राज्य फुलपाखराचं अर्धं बालपण पक्ष्याची घाण होण्यात जातं आणि उरलेलं साप होण्यात. निळा रंग फार नंतर येतो, आणि तो जेमतेम काही आठवडे टिकतो.

तक्त्यात 'रंग' या रकान्यात त्याने काल 'काळा-निळा' लिहिलं होतं. आज खोडरबर मागितला.

रात्री जेवताना आबांनी दुसऱ्या प्राण्याचा पत्ता दिला. "गडग्यात आसा. सकाळी आठाक वर येता. तेच्या आदी बोलावलास तरी येवची नाय."

पाचवा दिवस : गडगा

साडेसातला आम्ही पडवीत चटईवर. बोलायचं नाही, हलायचं नाही. फुलपाखरासाठी दोन दिवस धावलो होतो. घोरपडीसाठी नुसतं बसायचं होतं. बारा वर्षांच्या मुलाला दुसरं जास्त जड जातं.

गडग्यावर ऊन आलं. आठ वीसला दोन चिऱ्यांमधून एक थोबाड बाहेर आलं आणि तिथेच थांबलं. पाच मिनिटं फक्त थोबाड. मग मान, मग पुढचे पाय, मग बाकीची सगळी, ओघळल्यासारखी. मातकट, अंगावर काळसर ठिपके, मानेला सैल कातडीच्या वळ्या. वरच्या चिऱ्यावर जाऊन तिने पोट टेकलं आणि बरगड्या बाहेर फाकवून अंग चपटं केलं. परवाच्या पानावरच्या नीलवंतासारखं. फक्त नीलवंत काही मिनिटांत तापून उडतो. हिला पाऊण तास लागला. चमचाभर पाणी आणि हंडाभर पाणी यांत जो फरक, तोच.

लांबी किती? चिरे मोजले. शेपटीसकट साधारण साडेतीन फूट, त्यातली अर्ध्याहून जास्त शेपटी. या जातीतली पूर्ण वाढलेली पावणेदोन मीटरपर्यंत जाते. नाकपुडीची जागा बघ, मी कुजबुजले. पालीसारखी अगदी टोकाला नाही, डोळा आणि नाकाचं टोक यांच्या मधोमध, तिरप्या चिरेसारखी. माती उकरताना ती बंदही करता येते.

आणि जीभ. लांब, निळसर, टोकाला दोन फाटे. बाहेर, हवेत, चिऱ्यावर, पुन्हा आत. ती चाटत नाही. हवेतले कण जिभेवर घेऊन टाळूतल्या एका खास इंद्रियापाशी नेते, आणि तिथे त्यांचा वास ओळखला जातो. दोन फाटे असल्यामुळे डावीकडे वास जास्त की उजवीकडे, तेही कळतं. भाच्याने कुजबुजत विचारलं, "म्हणजे ही जिभेने वास घेते, आणि ते पायाने चव घेतं?" हो. "मग आपण तोंडानेच का खातो?" याचं उत्तर मी अजून शोधते आहे.

सव्वानऊला ती उतरली आणि थेट गायरीकडे गेली. गायरी म्हणजे शेणखताचा खड्डा. पुढच्या पायांच्या नख्यांनी तिने असं काही उकरलं की शेण मागे उडत होतं. पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या ती एकामागून एक उचलत होती. आबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गेंड्या भुंग्याच्यो त्यो. माझे माड खातत." नारळाच्या कोवळ्या सुईत घुसणारा हा भुंगा वाढतो शेणखतात. आबांचे माड कोण राखतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. कोकणातल्या बागायतदाराने हिला पगार द्यावा.

काकींचं मत वेगळं. "कोंबडेची अंडी खाता ती! पण मारूचा नाय म्हणतत आता. कायदो आसा."

आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे, वाघाच्या रांगेत. मारली तर तीन ते सात वर्षं कैद. तरी ती मारली जाते: मांसाला, सांधेदुखीवरच्या तथाकथित तेलाला. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे 'हाथाजोडी'. धनलाभ व्हावा म्हणून लोक एका दुर्मीळ झाडाची मुळी समजून जे शेंदरात घालून पूजतात, ते नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग असतं. २०१७ मध्ये हा व्यापार उघडकीला आला तेव्हा ती मुळी ऑनलाइन विकली जात होती. हे भाच्याला मी सांगितलं, शब्द न बदलता. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि त्यांना पैसे मिळतात का? पूजा करणाऱ्यांना?"

"विकणाऱ्यांना मिळतात."

तेवढ्यात शेजारचा कुत्रा आला. घोरपड क्षणात फुगली, गळा टम्म, फुस्स असा आवाज, आणि शेपटीचा एक फटका कुत्र्याच्या तोंडासमोरून गेला. कुत्रा विचारात पडला. तेवढ्यात ही गडग्याकडे धावली आणि फटीत शिरली. वीतभर शेपूट बाहेर राहिली होती, तीही हळूहळू आत गेली.

आबा हसले. "ल्हान असताना आमी शेपटेक धरून ओढीत होतंव. दोघांनी ओढला तरी भायर येय नाय. आत फुगान बसता."

भाचा ताडकन माझ्याकडे वळला. नख्या दगडात रुतवून, फुप्फुसात हवा भरून, अंग फटीत पाचर मारल्यासारखं बसवायचं, हे तर त्याने नुकतंच बघितलं होतं. म्हणजे कड्यावर... "दोन पोरांनी ओढलं तरी निघत नाही," तो म्हणाला, "मग एक बारीक मावळा?" त्याने वही काढली आणि पहिल्या दिवशीच्या ओळीतला 'शंका आहे' हा शब्द कंसासकट खोडला. माझी शंका मला अजून आहे. पण मी त्याला खोडू दिलं.

दुपारी अंड्यांचा रकाना भरला. हिची अंडी पावसाळ्यात, जमिनीत बीळ करून, कधी वारुळात. वीसेक एकदम, आणि माती लोटून निघून जाते. नीलवंताचं अंडं चारेक दिवसांत फुटतं. हिची सहा-आठ महिने मातीत असतात, पुढच्या पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. तेवढ्या काळात तोरंजनावर फुलपाखरांच्या कितीतरी पिढ्या होऊन जातात. आईपण दोघींचंही सारखंच, म्हणजे अंडी घालण्यापुरतं. हे भाच्याने 'साम्य' या रकान्यात घातलं आणि 'आई वाईट' असं लिहिलं, ते मी बदलून घेतलं.

संध्याकाळी तोरंजनावरची मोठी हिरवी अळी गायब होती.

सहावा दिवस : पेडणे आणि परत

आबांचे मेहुणे पेडण्याला असतात. बांद्यावरून पत्रादेवी ओलांडली की गोवा. त्यांच्याकडे जायचं कारण घुमट. मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी तोंड उघडं, मोठ्या तोंडावर कातडं. गोव्यात घुमटाशिवाय गणपतीची आरती होत नाही, आणि ते कातडं पूर्वापार घोरपडीचं. महाराष्ट्रात खंडोबाच्या वाघ्याच्या हातातली दिमडीही तशीच. पातळ, ताणून घट्ट, एक बोट दाबलं तरी सूर वळतो.

त्यांच्याकडच्या घुमटावर आता बकऱ्याचं कातडं आहे. कायदा झाल्यावर बदललं. २०१९ मध्ये गोव्याने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं, ते असं बदललेलं कातडं धरूनच. "नाद तसो येता?" मी विचारलं. त्यांनी एक ठेका वाजवून दाखवला, मग मान हलवली. येतो, पण पावसात सैल पडतो, आरतीआधी शेकावा लागतो. "पयलींचो वेगळो," ते म्हणाले, आणि मग लगेच, "पूण हेंय बरें."

भाच्याने घुमटावर दहा मिनिटं हात चालवला. 'उपयोग' रकान्यात घोरपडीपुढे रेघ होती, तिथे त्याने लिहिलं: 'गेंड्या भुंगा खाते. कडा. घुमट (पूर्वी).' फुलपाखरापुढच्या 'शोभा'वर थोडा वेळ पेन्सिल टेकवली, पण तसंच ठेवलं.

वाडीत परतलो तेव्हा रात्रीच्या गाडीला तीन तास होते. बॅगा भरल्या, काकींनी कोकमं आणि सुके बांगडे बांधून दिले, बांगडे बसमध्ये वास मारणार हे सगळ्यांना माहीत होतं. भाचा तोरंजनाखाली पानं उलटून बघत होता. कोष करायची वेळ आली की अळी खाणं सोडते आणि झाड सोडून भटकते, कुठेही जाते, हे मी त्याला समजावत होते. पक्ष्याने खाल्ली असेल, गेली असेल, सापडेलच असं नाही.

"चेडवा, हय ये," काकींनी मला हाक मारली. त्या गडग्यावर वाळत टाकलेली फडकी काढत होत्या.

चिऱ्याच्या उभ्या बाजूला कोष होता. शेपटीकडून चिकटलेला, आणि कमरेभोवती रेशमाचा एक दोर, माड चढणाऱ्याने कमरेला फास घ्यावा तसा, मागे रेलून. पानावर केला असता तर हिरवा झाला असता. खडबडीत दगडावर केला म्हणून तपकिरी, अगदी चिऱ्याचा रंग. खाली दीड हातावर तीच फट होती. फटीत अंधार.

"खाईल ती याला?" भाच्याने विचारलं.

"दिसला तर खाईल."

तो वाकून फटीत बघत राहिला, मग कोषाकडे. गाडीत त्याने वही मांडीवर घेतली. आजऱ्याच्या पुढे खड्ड्यांमुळे अक्षर हललं आहे, पण वाचता येतं. तक्त्याच्या तळाशी नवा रकाना आहे, 'पत्ता', आणि दोन्ही प्राण्यांसमोर एकच ओळ: आबांचा गडगा, परसाकडची बाजू, चौथा चिरा.